सॅम्पल

जुना फिल्टर सॅम्पल म्हणून नेला,
दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, वर रबर.
तरी मार्केट यार्डाच्या सिग्नलला त्यानं
ॲक्टिव्हाच्या पायाशी काळा घास टाकलाच.

गाडी मांगडेवाडीत उभी, चौदा फुटी आयशर,
पोट उघडं, खाली तेलाचा डबा कापून केलेला ट्रे.
गॅरेजवाल्यानं अकरा हजार आठशे सांगितले,
मी म्हटलं विचार करून कळवतो.
विचार कसला. पान्हे घरात होतेच.

पूर्वी हा प्रश्न नव्हता.
दस्तगीर मिस्त्रीकडे गाडी लावायची, पेपर वाचायचा,
तो "झालं" म्हणाला की झालं.
आता त्याचा हात कापतो. बशी दोन्ही हातांनी धरतो,
तरी चहात लाट येते.

नाना पेठेत आज विषम तारीख.
पलीकडच्या बाजूला जागा शोधून
होजेफाभाईंच्या काउंटरपर्यंत चालत गेलो, ठिबकतं बोचकं
अंगापासून लांब धरून, लॅबमध्ये काही तपासायला न्यावं तसं.

त्यांनी पिशवी सोडली. फिल्टर उलटा केला.
पत्र्यावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर.
कंपनीचा नंबर त्यांनी बघितलाच नाही. म्हणाले,
"हा सात दस्तगीरचा. इंग्रजी सातला मधे आडवी रेघ,
एक वाटू नये म्हणून."
मग, "आहे कसा?"
मी म्हटलं, बसून असतो.
ते थोडा वेळ गल्ल्यातल्या नोटा
एका दिशेला तोंड करून लावत राहिले.

ऑइल पंधरा-डब्ल्यू-चाळीस, दहाची बादली.
"सील इथंच बघा, उद्या भांडायला येऊ नका."
ऑइल फिल्टर एक. डिझेलचे दोन, थोरला आणि धाकटा.
एअर फिल्टर जुनाच झटकून घातला तर चालेल का?
"चालेल की. तुम्ही नाकात बोळे घालून
कात्रजचा घाट चढा, तसं चालेल."
घेतला.
पाच हजार सहाशे चाळीस. वरचे चाळीस सोडा म्हटलं,
वीस सोडले. आणि ड्रेन प्लगचे तांब्याचे वायसर
एक मागितला तर दोन दिले, कागदाच्या पुडीत, अंगारा द्यावा तसे.

दुपारी गाडीखाली पोतं अंथरलं.
फोन स्पीकरवर, छातीवर.
"रबराला बोटानं ऑइल लाव. थुंकी नको, ऑइल.
हातानं आवळ. टेकला की पाऊण फेरा, बास.
पान्हा घातलास तर पुढच्या खेपेला
काढताना मलाच शिव्या देशील."
पाऊण फेरा म्हणजे नक्की किती,
हे आडवं पडलेल्या माणसाला पटकन कळत नाही.

डिझेलचा हातपंप दाबत राहिलो.
फेस. फेस. बुडबुडे. अंगठा बधिर.
मग एकदाचं अखंड डिझेल,
मनगटावरून थेट कोपरापर्यंत.

चावी फिरवली. डॅशबोर्डवरची किटली लाल.
एक.
दोन.
अकरा हजार आठशे.
तीन, आणि विझली.

"धर फोन इंजिनाजवळ."
धरला. तिकडून आवाज नाही.
मला वाटलं कट झाला. हात अवघडला, बदलला.
मग म्हणाला, "दोन नंबरचा तो ठोका जुनाच आहे.
असू दे. माझ्या ओळखीचा आहे."

काळं ऑइल सेंट्रिंगवाल्या दगडूनं नेलं, फळ्यांना लावायला.
नव्या फिल्टरवर तारीख टाकली, किलोमीटर टाकले,
बघतो तर सात एकही नाही कुठं.

रात्री टपरीवर दहाचं नाणं म्हणून जे दिलं
तो दुसरा वायसर निघाला.
टपरीवाल्यानं दिव्याखाली धरला, आरपार बघितलं,
"शेठ, हे कुठं चालतं?"
शर्टाला पुसून
परत खिशात ठेवला.